थेंबात शिकार दिसते, शिकारी दिसतो का?

साशंक : पेणच्या शाळेत तुम्ही मुलांना पडद्यावर जे दाखवता, ते मी शेवटपर्यंत बसून पाहिलं. भाताच्या खाचरातल्या पाण्याचा थेंब, त्यात फिरणारे पॅरामेशियम आणि त्यांच्यावर येऊन आदळणारा डिडिनियम. मुलं श्वास रोखून बघत होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी हरकत तुमच्या बोलण्याला आहे. ‘आता तो शोधतोय’, ‘आता सावज सापडलं’, ‘बघा, सुटायची धडपड चाललीय’ असं तुम्ही सतत सांगत होता. मी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. तिथल्या अहवालात कुणी ‘आम्लाला अल्कलीची ओढ लागली’ असं लिहिलं असतं, तर तो कागद मी परत केला असता. डिडिनियमला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, डोळे नाहीत. सगळं मिळून एक पेशी. तिच्या पृष्ठभागावर काही रेणू आहेत, ते विशिष्ट रेणूंना भेटले की विशिष्ट घटना घडते. मुलांच्या हाती तुम्ही सूक्ष्मदर्शक दिलात आणि त्यांनी स्वतः काही पाहायच्या आत वाघ-हरणाची गोष्ट त्यांच्यापुढे उभी केलीत. मग त्यांनी पाहिलं ते काय? थेंब की तुमची गोष्ट?

हौशी : मी बोललो ते बाजूला ठेवू. नुसतं घडतं काय, तेवढंच सांगतो. डिडिनियमची लांबी साधारण ८० ते १५० मायक्रॉन. पॅरामेशियम २०० ते ३०० मायक्रॉन. म्हणजे खाणारा आखूड आणि खाल्ला जाणारा लांब. डिडिनियमच्या अंगाभोवती बारीक रोमांचे दोन पट्टे असतात. त्यांच्या जोरावर तो गरगरत पोहतो आणि पुढच्या टोकाची छोटी सोंड वाटेत येईल त्यावर आपटत जातो. ती पॅरामेशियमवर आपटली की सोंडेत आधीच रचून ठेवलेल्या सूक्ष्म नळ्या सुटतात. काही सावजाला चिकटतात, काही त्याच्या अंगात शिरून त्याला लुळं करतात. पॅरामेशियमही आपल्या अंगातले शेकडो काटे बाहेर फेकतं, पण या शत्रूपुढे ते फारसे कामी येत नाहीत. मग सोंडेच्या जागी तोंड उघडतं आणि एवढं रुंदावतं, की आपल्याहून मोठं सावज डिडिनियम मिनिट-दोन मिनिटांत सबंध गिळतो. आता तुमचं आम्ल घ्या. बाटलीतलं आम्ल अल्कलीला शोधत हिंडत नाही. जी अल्कली अजून भेटलेलीच नाही तिच्यासाठी ते स्वतःच्या आत हत्यारं घडवून ठेवत नाही. डिडिनियम ठेवतो. हे सगळं रसायनांनीच होतं, हे मला मान्य आहे. फणसाडच्या अभयारण्यातला बिबट्याही रसायनांनीच चालतो. तेवढ्यावरून त्याची शिकार खोटी ठरत नाही.

साशंक : हत्यारं घडवून ठेवली ती उत्क्रांतीनं. कोट्यवधी पिढ्यांत ज्यांच्याकडे ती नव्हती ते उपाशी राहिले. त्याचं श्रेय तुम्ही समोरच्या एका पेशीला देता. आणि ‘हिंडतो’ म्हणालात, तर कसा हिंडतो ते बघा. हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांनी १९०६ साली खालच्या पातळीवरच्या जिवांच्या वागण्यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात डिडिनियमबद्दल हेच आहे : समोर येईल त्यावर सोंड मारून बघायची, चिकटली तर खायचं, नाही चिकटली तर पुढे जायचं. दुरून ओळखणं नाही, पाठलाग नाही. योगायोगाने आदळणं आहे. पॅरामेशियम ‘सुटायची धडपड’ करतं म्हणता, पण ते काडीवर आदळलं तरी तसंच मागे सरतं आणि दिशा बदलतं. तिथे तुम्ही ‘काडीला घाबरलं’ म्हणत नाही. शिवाय हे सगळं कुठे पाहता? कव्हर स्लिपखाली, पाण्याच्या चपट्या थरात, खालून दिवा लावून. पाणी तापत जातं, प्राणवायू कमी होतो, वर-खाली जायला जागा उरत नाही. तळ्यात ज्यांची गाठ दिवसभरात एकदा पडली असती, ते तिथे मिनिटाला एकमेकांवर आपटतात. कोंडून ठेवलेल्या जिवांची ती घुसमट आहे आणि तिच्यावरून तुम्ही त्यांचा स्वभाव सांगता.

हौशी : काचेखालचं जग कोंडलेलं असतं, हे खरंच आहे. म्हणून मी खोलगट स्लाइड वापरतो, दिवा मंद ठेवतो आणि मधे मधे विझवतो. पण आंधळेपणाने आदळणारा एकटा डिडिनियम घेऊन तुम्ही सगळ्यांचा निकाल लावू नका. लॅक्रिमॅरिया हा दुसरा एकपेशीय शिकारी बघा. आपल्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा मासा सोडतात. तो एका जागी निश्चल राहतो आणि लहान मासा टप्प्यात आला की झेपावतो. लॅक्रिमॅरियाचं याच्या उलट आहे. अंग गाळाच्या कणांत लपलेलं राहतं आणि मान तेवढी हिंडून येते. अंग ४० मायक्रॉनचं आणि मान लांबली की १,२०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे सुमारे तीसपट, तीही अर्ध्या मिनिटाच्या आत. हे घडतं कसं, ते २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलियट फ्लॉम आणि मनू प्रकाश यांनी उलगडलं. पेशीचं आवरण मानेपाशी ठरावीक चुण्यांत घडी घालून ठेवलेलं असतं. मान बाहेर पडते तेव्हा त्या घड्या एका क्रमाने उलगडतात आणि आत येताना पुन्हा मिटतात. हेच प्रकाश मूळचे मेरठचे, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. कागदाच्या घडीचा फोल्डस्कोप त्यांनी २०१४ मध्ये जगापुढे ठेवला, आणि पुढच्याच वर्षी भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तो इथल्या शाळांत पोचवण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेशी करार केला. एका डॉलरहून कमी खर्चात तयार होईल असा, १४० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक. खेड्यातली मुलगीही तो दप्तरात ठेवू शकते.

साशंक : घड्यांचं गणित सुंदर आहे, ते मी आनंदाने वाचलं. पण त्याच प्रयोगशाळेचा २०१९ चा अभ्यास तुम्ही सांगितला नाहीत. त्यांनी लॅक्रिमॅरियाच्या मानेच्या हालचाली टिपल्या, तेव्हा आढळलं ते हे : लांबणं, आखडणं आणि वळणं या क्रिया एकमेकींत गुंतल्या की मान आजूबाजूचा सगळा परिसर आपोआप धुंडाळून काढते. सावज कुठे आहे हे ठाऊक असायची गरज पडत नाही. तुम्हाला जो शोध दिसला, तो यंत्ररचनेतून आपसूक निघालेला आहे. त्याच्यामागे कुणी शोधणारा बसवला नाही, तरी हिशेब पूर्ण होतो. आणि जो नसला तरी हिशेब चुकत नाही, त्याला हिशेबात कशासाठी धरायचं?

हौशी : कारण सगळे हिशेब असे पूर्ण होत नाहीत. तुम्ही जेनिंग्ज काढलेत, तर त्यांचाच दुसरा प्रयोग घ्या. स्टेंटर हा कर्ण्याच्या आकाराचा एकपेशीय जीव. एका जागी चिकटून बसतो आणि पाण्याचा भोवरा करून लहानसहान जीव ओढून खातो. जेनिंग्ज यांनी त्याच्या तोंडावर कारमाइनची पूड सोडली. आधी तो वाकला. पूड येतच राहिली, तेव्हा त्याने रोमांची दिशा उलटी करून ती बाहेर ढकलली. तरी थांबेना, तेव्हा तो आखडून नळीत शिरला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा पूड, पुन्हा आत. शेवटी जागा सोडून निघून गेला. त्रास तोच, पण उत्तरं वेगवेगळी, आणि पुढचं उत्तर आधी काय झालं यावर ठरलेलं. १९६७ मध्ये काहींनी हा प्रयोग करून पाहिला. त्यांना तसं काही आढळलं नाही आणि जेनिंग्ज यांचं म्हणणं बाजूला पडलं. पण त्यांनी घेतलेला स्टेंटर दुसऱ्याच जातीचा होता, जेनिंग्ज यांचा नव्हे! २०१९ मध्ये हार्वर्डच्या जेरेमी गुणवर्धने यांच्या गटाने मूळ जात मिळवली, पुडीऐवजी प्लास्टिकचे सूक्ष्म मणी सोडले, आणि उत्तरांची ती चढती श्रेणी पुन्हा दिसली. तुमच्या बाटलीतल्या कुठल्या आम्लाने कधी आधी हा उपाय, मग तो, असं केलं?

साशंक : त्या अभ्यासातलं पुढचंही सांगा. आखडायचं की जागा सोडायची, हे त्या पेशीत जणू नाणं उडवून ठरावं तसं, निम्मं-निम्मं ठरतं असं त्यांना आढळलं. तुम्ही त्याला निवड म्हणता. मी म्हणतो, आत एक छोटी साठवण आहे, ती भरत जाते आणि एका पातळीला झुकाव बदलतो. पण हा वाद सध्या राहू दे, कारण मला याहून मोठी अडचण दिसते आणि ती तुमच्याच बोलण्यात आहे. परवा एका मुलीने तुम्हाला विचारलं, ‘सर, त्याला दुखतं का?’ तुम्ही लगेच म्हणालात, ‘नाही, त्याला मज्जातंतू नसतात.’ म्हणजे शोधताना, निवडताना, धडपडताना मज्जातंतूंची गरज नाही आणि दुखण्यापाशी मात्र ते एकदम आवश्यक? तुम्हाला दोन्ही हवं आहे. थरार हवा म्हणून तो शिकारी, आणि मनाला लागू नये म्हणून ते नुसतं यंत्र. डिडिनियम शिकारी असेल तर पॅरामेशियम बळी आहे. ते बळी नसेल तर हा शिकारी नाही. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये विनोबांचा जन्म झाला. त्या मातीतली मुलं जीव गिळला जाताना टाळ्या वाजवत होती. मी अहिंसेचं प्रवचन देत नाही. मी म्हणतो, टाळ्या वाजवायच्या असतील तर कशासाठी वाजवतो, ते मुलांना कळू द्या. ‘जगण्यासाठी झगडा’ या कल्पनेच्या आडून माणसांनी माणसांचं काय केलं, ते विसाव्या शतकाने पाहिलं आहे.

हौशी : त्या मुलीचा प्रश्न माझ्याही मनातून गेलेला नाही. उत्तर देताना मी माझ्या खात्रीहून जास्त खात्री दाखवली, एवढं तुमचं म्हणणं रास्त आहे. तरी तुमच्या कोड्यातली जोडी मला पटत नाही. शिकार असेल तिथे वेदना असलीच पाहिजे, हे कशावरून? आपल्या रक्तातली पांढरी पेशी घ्या. १९५० च्या दशकात व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून एक चित्रफीत घेतली. लाल पेशींच्या गर्दीतून एक पांढरी पेशी एका जिवाणूच्या मागे लागते. तो वळला की ही वळते, तो निसटला की ही रोख बदलते, आणि अखेर त्याला पोटात घेते. मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिनात तारामाशाच्या अळीत गुलाबाचा काटा खुपसून जे पाहिलं, त्याचंच हे रूप. त्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं. तिथे पाठलाग आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. पण त्या जिवाणूला दुखलं का, असं कुणी विचारत नाही, आणि पांढरी पेशी क्रूर आहे असंही कुणी म्हणत नाही. आता उलट बाजू. आमांशाचा अमीबा आपल्या आतड्यात शिरतो आणि जिवंत पेशींचे लचके तोडतो. तो आधी मारून मग खातो असं पूर्वी मानत. लचके तोडल्यानेच पेशी मरते, हे २०१४ मध्ये दिसून आलं. तिथे वेदना आहे, पण ती कुणाची? आतड्याच्या त्या पेशीला काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही; कळ येते ती माणसाला. म्हणजे शिकार एका पातळीवर घडते आणि वेदना, असली तर, दुसऱ्या पातळीवर उमटते.

आणि टाळ्यांचं म्हणाल, तर त्या पहिल्या दिवशी वाजतात. मी ती बाटली वर्गातच ठेवतो. काही दिवसांनी मुलं पुन्हा थेंब काढतात, तेव्हा पॅरामेशियम जवळजवळ संपलेले असतात आणि डिडिनियम भरमसाट. आणखी काही दिवसांनी डिडिनियमही नसतात. मॉस्कोत विशीतल्या गेओर्गी गाउस यांनी हेच केलं आणि १९३४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. खाणाऱ्याने सगळं खाल्लं आणि मग तोही उपाशी मेला. ज्याला मुलं विजयी समजत होती तो का मेला, याचं उत्तर त्यांना स्वतःला शोधावं लागतं. झगड्याच्या कल्पनेतला पोकळपणा माझ्या भाषणाने जेवढा कळला नसता, तेवढा त्या रिकाम्या थेंबाने कळतो.

साशंक : थांबा. ही बाटली आहे, तळं नव्हे. गाउस यांनी तळाशी गाळ घातला, तेव्हा काही पॅरामेशियम त्यात लपले, डिडिनियम उपासाने संपले आणि लपलेले पुन्हा वाढले. त्यांनी ठरावीक दिवसांनी दोघांतले थोडे थोडे बाहेरून आणून सोडले, तेव्हा चढ-उतार चालू राहिले. १९७३ मध्ये लकिनबिल यांनी पाणी मिथाइल सेल्युलोजने दाट केलं, पॅरामेशियमचं खाद्य कमी केलं आणि दोघं कितीतरी जास्त काळ एकत्र टिकले. म्हणजे कोण जगेल हे शिकाऱ्याच्या ताकदीवर ठरलं नाही. ते गाळावर ठरलं, पाण्याच्या दाटपणावर ठरलं, बाहेरून काय येतं यावर ठरलं. तुम्ही मात्र मुलांची नजर त्या दोन जिवांवर खिळवता आणि पाण्याकडे कुणी बघत नाही.

माझा जीव खरा गुंतलाय तो पाण्यात. मी रोह्याचा. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे आमची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती असते, पण धाटावनंतर तिच्यात काय मिसळतं ते नदीकाठचा प्रत्येक माणूस जाणतो. सांडपाणी जिवाणूंकडून साफ करून घेतात, त्या टाकीतल्या गाळाचा थेंब मी कितीदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय. देठावर डोलणारे व्हॉर्टिसेला, गाळाच्या गुठळ्यांवर सरपटणारे अॅस्पिडिस्का. हे दिसले की टाकी नीट चाललीय असं समजायचं. ते नाहीसे झाले आणि नुसते शेपटीवाले सूक्ष्म जीव आणि अमीबा उरले, की काहीतरी बिघडलं, बहुधा विषारी काही आत आलं. १९६८ मध्ये कर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या प्रायोगिक टाक्यांत हे दाखवून दिलं. रोमवाले जीव नसताना बाहेर पडणारं पाणी गढूळ होतं, त्यात मोकळे जिवाणू भरपूर होते. ते जीव सोडल्यावर पाणी निवळलं. हे जिवाणू खाणारे नसते, तर प्रक्रिया केलेलं पाणीही गढूळच नदीत गेलं असतं. रोह्याच्या मुलाला हे कळायला हवं. त्यासाठी थराराची गरज नाही. जात ओळखा, मोजा, तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच नोंद नदीसाठी पुरावा ठरेल.

हौशी : तुमच्या नोंदवहीपुढे मी मान तुकवतो. पण मोजायच्या आधी ओळखावं लागतं, आणि ओळख आली कुठून? हेन्री जॉन कार्टर हे मुंबईच्या लष्करातले शल्यवैद्य. १८५६ मध्ये त्यांनी मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर दीर्घ टिपणं छापली. दोन वर्षांनी मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी लाल कशाने होतं, त्याचा माग एका एकपेशीय जिवापर्यंत काढला. पेणहून धरमतरच्या खाडीतून बाहेर पडून मुंबईचं बंदर ओलांडलं की जे बेट येतं, तिथलंच हे पाणी. कार्टरना कुणी टाकीचा अहवाल मागितला नव्हता. त्यांना त्या जिवांचं वागणं बघत राहावंसं वाटत होतं. आणि जो मोजायलाच बसतो, त्याला रकान्यात मावतं तेवढंच दिसतं. तुमच्या गाळात युप्लोटिस असतो. तुमच्या वहीत त्याची नोंद एक आकडा. १९८५ मध्ये जर्मनीत कुलमान आणि हेकमान यांनी दाखवलं, की लेम्बॅडियन हा शिकारी पाण्यात असला तर युप्लोटिसचं अंग दोन्ही बाजूंनी पंख फुटल्यासारखं रुंदावतं आणि लेम्बॅडियनला तो गिळता येत नाही. आकडा तेवढाच राहिला, पण आकार बदलला. आकार बघणारं कुणी नसतं, तर हे निसटलं असतं.

साशंक : हे उदाहरण माझ्या बाजूने आहे. लेम्बॅडियनकडून एक पदार्थ पाण्यात सुटतो. तो युप्लोटिसच्या पृष्ठभागाला लागतो आणि काही तासांत पेशीचा सांगाडा बदलतो. शिकारी काढून घेऊन नुसतं त्याचं पाणी दिलं तरी पंख फुटतात. इथे भीती कुठे आहे? जो समोर नाहीच, त्याच्यापासून बचाव चाललाय. माझं साधं मागणं आहे. तुमच्या शिकारीच्या कल्पनेने एक तरी असा प्रश्न पुढे आणा, जो मला माझ्या रेणूंच्या भाषेत सुचलाच नसता. नाहीतर ती कल्पना गोड असेल, पण ती टाकून द्यायला हवी.

हौशी : आणतो. अभिक्रिया कधी चुकते का? तुमच्या परीक्षानळीत ती होते किंवा होत नाही, कमी होते किंवा जास्त होते. चुकणं हा प्रकार तिथे नाही. पण थेंबाकडे तासभर बघा, तेव्हा पडद्यावर न दाखवलेला भाग दिसतो. डिडिनियमची सोंड आपटते आणि सावज निसटतं. नळ्या सुटतात आणि वाया जातात. मान दहा जागी फिरून येते आणि हाती काही लागत नाही. सिनेमात शिकार साधते. थेंबात ती बहुतेकदा फसते. आणि फसते म्हटलं की लगेच प्रश्न उभे राहतात. कशामुळे फसते, फसल्यावर तो काय करतो, सावजाच्या कुठल्या उपायाने फसते. पॅरामेशियमच्या त्या काट्यांचंच बघा. ते कशासाठी असतात यावर पुष्कळ काळ वाद होता, कारण डिडिनियमपुढे ते निरुपयोगी वाटत. १९९१ मध्ये हारुमोटो आणि मियाके यांनी डायलेप्टस या दुसऱ्या शिकाऱ्याबरोबर तपासलं. काटे असलेले पॅरामेशियम वाचत होते आणि काटे फेकू न शकणारे बळी पडत होते. काट्यांतले रेणू मोजून हे कळलं नसतं. वाचलं कोण आणि कोणापासून, हे विचारावं लागलं.

साशंक : हं. यावर मला विचार करावा लागेल. चुकणं मोजता येतं, एवढं मी घेतो. पण चूक कुणाच्या लेखी? लोखंडी इस्त्रीतला उष्णता राखणारा खटकाही चुकीच्या वेळी बंद पडतो. ती चूक आपल्या लेखी असते, कारण इस्त्री आपल्याला हवी असते. खटक्याला त्याचं काही नाही.

हौशी : पण खटका त्यामुळे मरत नाही. डिडिनियम पुरेशा वेळा चुकला की त्याचं अंग आक्रसतं. तो स्वतःभोवती कवच करून पुटी बनतो, आणि तेही जमलं नाही तर संपतो. त्याचं बिघडलं हे ठरवायला तिथे माझी गरज नाही, तुमचीही नाही. आपण दोघं सूक्ष्मदर्शकापासून उठून गेलो तरी ते बिघडलेलंच असेल.

साशंक : मग आपण कुठे आलो, ते नीट बोलू. तिथे काही साधतं आणि काही फसतं. फसणं त्या पेशीच्याच नुकसानीचं असतं, बघणाऱ्याच्या कल्पनेतलं नव्हे. इथवर मी तुमच्याबरोबर येतो, आणि आज सकाळी मी इथवर आलो नसतो. पण ज्याचं नुकसान होतं त्याला ते जाणवतं का, याबद्दल तुमच्या थेंबाने मला काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, जाणीव अमुक पायरीला सुरू होते. मी विचारेन, पायरी कुठली? स्टेंटरच्या त्या साठवणीत आणि गोगलगाईच्या मज्जातंतूत फरक जातीचा की प्रमाणाचा? हे ठरत नाही तोवर त्या मुलीला ‘नाही’ असं ठामपणे सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि ‘हो’ असं सांगण्याचा मलाही नाही.

हौशी : तिला मी तसंच सांगेन, पुढच्याच तासाला. पण मग तुमच्यावरही एक गोष्ट येते. टाकीतला व्हॉर्टिसेला तुमच्या वहीत टाकीच्या तब्येतीची खूण म्हणून आहे. त्याचं स्वतःचं काही साधतं-बिघडतं, हे तुम्ही आत्ताच मान्य केलंत. विषारी पाणी आत आलं, तेव्हा टाकी बिघडली एवढंच तुम्ही लिहीत होता. त्या थेंबात आणखी कुणाचं तरी बिघडलं होतं.

साशंक : ते लिहायला माझ्या वहीत रकाना नाही, आणि तो कसा आखायचा हे मला आज सांगता येत नाही. तेवढ्यासाठी तुम्ही वर्गात थोडं बदला. पहिला अर्धा तास तुम्ही एक शब्द बोलू नका. मुलांना काय दिसतं ते त्यांनाच लिहू द्या. किती वेळा धडक झाली, कितीदा सावज सुटलं, किती वेळाने पुन्हा धडक झाली. आकडे फळ्यावर येऊ द्या आणि मग तुमची गोष्ट सांगा. तेव्हा बघू, तिच्यातलं किती टिकतं.

हौशी : कबूल. तुम्ही मात्र नुसते बघायला येऊ नका. येताना कुंडलिकेचं पाणी दोन बाटल्यांत भरून आणा, एक धाटावच्या वरचं आणि एक खालचं. नाव, जागा, तारीख बाटलीवर चिकटवा आणि बुचं सैल ठेवा. मी इथे भाताचा पेंढा उकळून, दोन-तीन दिवस मुरवून ठेवतो, म्हणजे दोन्ही पाण्यांना सारखंच खाद्य मिळेल. पेणच्या खाचरातलं पाणी तिसरं. उन्हाळाभर भेगाळलेल्या त्या जमिनीत पुट्या पडून असतात आणि पहिल्या पावसानंतर उघडतात, तेव्हा जूनच्या अखेरीस या. पहिल्या दिवशी तिन्ही पाण्यांतले जीव तुमच्या पद्धतीने मोजू, आणि नंतर रोज मुलं लिहितील : कोण कुणाला धडकलं, कोण सुटलं.